कुलिंगचे तीस रुपये

ठेव. ठेव थो मोबाईल खिशात. म्हनलं ना येकदा, पायला म्या फोटो. पुन्याचं दुकान हाय, काचा हायेत, बाटलीखाली एकशेसत्तरची चिठ्ठी हाय, सारं दिसलं. शाया चवथीपर्यंत शिकलो पन आकडे समजतेत मले — आकडेच समजतेत, बाकी काई समजत नाई, असं माही बायको म्हनते. पुन्यात एकशेसत्तर अन् उकंडरावच्या दुकानात दोनशेवीस, काहून? हेच इचारून राह्यला ना तू? मंग पुन्यातच काहून नाई पेला बापू? समृद्धीवरून खाली उतरला, शेलूबाजाराहून इकडं जऊळक्याच्या रोडले लागला, माह्या फाट्यावर गाडी लावली, माह्याच वावराच्या धुऱ्यावर मुतला — पायलं म्या, पायलं — अन् आता मले भाव शिकवतं! कुठी, लग्नाले चालला? कोनाच्या? मंग लग्नात पे ना फुकटची. नाई, तुले हेच पायजे, पुन्यावाली, पांढऱ्या चिठ्ठीची, अन् थे बी पुन्याच्या भावात.

काय? गोव्यात? गोव्यात शंभरात भेटते? अबे मंग गोव्यात ऱ्हाय! गोव्याचं सरकार येगळं, आपलं सरकार येगळं. तिथचं सरकार पाहुन्याले पाजते अन् हाटेलातून कमावते, आपलं सरकार बाटलीच्या बुचापासूनच चालू होते — बाटलीवर टॅक्स, परवान्यावर टॅक्स, परवाना नवा करा, त्याचे येगळे — तू घोट घ्याच्या आंधी सरकारनं चार घोट घेतलेले असतेत. अन् खाली तेलंगणात जाय, तिथी तिसराच भाव. अन् वर्ध्याले जाय! वर्ध्याले त दारूबंदीच हाय, तिथी दुकानच नाई, अन् सर्व्यात महाग बाटली तिथीच भेटते. जिथी इकतच नाई तिथी सर्व्यात जास्त भाव! हे इचार ना कोनाले, मोबाईलवर फोटो काढ त्याचा.

अन् मी येक इचारू तुले? माहं सोयाबीन. रिसोडच्या मार्केटात सकाळी येक भाव, वाशीमले दुपारी दुसरा, मंगरूळपीरले त्याच दिवशी तिसरा. थेच सोयाबीन, त्याच वावरातलं, त्याच बोरीतलं! तवा कोन आला होता पुन्याहून मोबाईल घेऊन, का उकंडराव, हे असं काहून? कोनी नाई आलं. तवा म्हनतेत मार्केट हाय बावा, मार्केटच्या मर्जीनं चालते. अन् बाटलीले मार्केट नाई का? सोयाबीनले मार्केट अन् बाटलीले देव, असं हाय का?

बरं, तुले वाटते हे बाटली म्या हौसेनं मंगवली? ऱ्हायलं! मले हिचं नाव बी घेता येत नाई. अकोल्याचा ठोकवाला, त्याच्या मांग लागलो, म्हनलं आपल्याले साधी स्ट्राँग बिअर दे, जे लोक पेतेत थे दे, उन्हाया हाय, दहा पेट्या पायजे. तर म्हनते, दहा भेटतीन, पन संग येक पेटी हे पुन्यावाली घ्या लागीन. म्हनलं कायले? म्हनते, स्कीम हाय. स्कीम! अबे हे त कृषी केंद्रासारखं झालं — युरिया मांगाले जाय तर युरियाच्या बोरीसंग टॉनिकची बाटली डोक्यावर मारतेत, नोको म्हनलं का युरियाच संपला म्हनतेत. लिंकिंग! खताचं लिंकिंग ऐकलं होतं, बिअरचं म्या पैल्यांदाच पायलं. आता थे टॉनिक मी वावरात फवारू का गिराइकाले पाजू? मंग कोनाच्या अंगावर काढन मी हे पेटी? ज्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट हाय त्याच्या. तुह्या.

हास, हास. वास घे पैले बाटलीचा, बूच न काढता बी येते. धने टाकेल हायेत म्हने. धने! अन् संत्र्याचं साल. थे पाय चिठ्ठीवर संत्र काढलं हाय. आता कुठचं असन थे संत्र? पुन्यात संत्र्याचे झाडं हायेत का? मंगरूळपीरकडचं असन नाई त अमरावतीकडचं, आपलंच. आपलं संत्र क्रेटात भरून टेम्पोत गेलं, तवा यापाऱ्यानं असं तोंड वाकडं करून घेतलं का जसं त्याच्यावर उपकार होऊन राह्यले, अन् पुन्यात जाऊन त्याचं साल बाटलीत पडलं, अन् थे साल परत माह्याकडं आलं लिंकिंगमधी, जाच्या-याच्या भाड्यासकट. संत्र गेलं तवा स्वस्त, साल आलं तवा महाग! अन् गर कोनी खाल्ला? थे नाई सांगत कोनी.

आता आल्यावर काय झालं, ऐक. घाई नोको करू, बाटली थंड होऊन राह्यली तिकडं. पैला गिराइक कोन, त बादल — आपल्या इथलाच हाय, रिसोड-जऊळका जीप मारते. त्यानं बाटली उन्हात धरली अन् बोंबलला, का उकंडराव, हिच्यात साका हाय, हे नासेल हाय. म्या पायलं, खरंच बुडाले साका! ढवळ ढवळ दिसे, जसं पावसायात नाल्याचं पानी. त्यानं आठ सिटांच्या जीपमधी पंधरा लोक बसवून साऱ्यायले सांगतलं, का उकंडराव नालीचं पानी भरून इकून राह्यला. माहं डोकं फिरलं. तीन बाटल्या फोडल्या, बायकोचं पांढरं लुगडं घेतलं, धुतेल होतं बापा, सोवळ्यातलं, अन् गाळली बिअर लुगड्यातून गंजात! निरा साफ झाली, पान्यासारखी. मंग ध्यानात आलं का आता हे इकू कशी, बूच त निंघालं. मंग काय, बसलो अन् पेलो. चव कशी? थंड कढी असते ना, फोडनी द्याची राहून गेली का जशी लागते, तशी. अन् चार दिवसानं अकोल्याचा ठोकवाला फोनवर सांगते का उकंडरावजी, थो साका नाई, थेच त असली माल हाय, थे गव्हाची बिअर हाय, तशीच असते, त्याचेच पैसे हायेत! म्हंजे म्या महागाचा माल लुगड्यात टाकून दिला अन् स्वस्ताचा पेलो. लुगड्याचं काय झालं? थे नोको इचारू. लुगडं धुनारीनं मले धुतलं.

हां, आता दोनशेवीस. छापेल किंमत किती? वाच. एकशेनव्वद. पुन्यावाला वीस रुपये सोडते, त्याच्या दुकानात दिवसाले शंभर गिराइकं हायेत, त्याले परवडते, अन् त्याचा माल गोदामातून चालत येते. माह्याकडं महिन्यात तू येक आला. तरी म्या छापेल किमतीच्या वर येक पैसा घेतला नाई — एकशेनव्वदच लावले. वरचे तीस कुलिंगचे. कुलिंग! थंड कराचे! साऱ्या जिल्ह्यात घेतेत, रिसोडवाला दहा घेते, मंगरूळपीरवाला वीस घेते, ज्याची जशी थंडी तसा भाव. माही थंडी येगळी हाय. माही थंडी—

ए, फ्रीज नोको उघडू. नोको म्हनलं ना! ... घे, उघडला. पाय आता. काय हाय त्याच्यात? बियान्याच्या पिशव्या हायेत, दुसरं काय असीन. अन् थे माहं सोटर हाय. हव, गरम हाय फ्रीज, अन् दिवा लागून हाय, काहून का दिव्याचं काई बिघडलं नाई, फक्त फ्रीज बिघडला. गेल्या वैशाखात लाईटीनं झटका मारला अन् कॉम्प्रेसर गेला. मंगरूळपीरचा जमशेदभाई आला होता, त्याच्या हाताले देवानं — त्याच्या अल्लानं म्हन — चांगलं कसब देलं हाय, पन त्यानं बी हात टेकले. म्हनते, उकंडरावभाऊ, इसको अलमारी समझो, और लाईट आती है वो बोनस समझो. तवापासून अलमारी समजून राह्यलो. पन दिवा लावून ठेवतो. गिराइकाले लांबून दिवा दिसला का थंड वाटते.

मंग थंड कुठून येते म्हनतं? थेच त सांगून राह्यलो होतो, तूच मधात अलमारी उघडली. मांगं या दाराच्या पल्याड घर हाय, घराच्या मांगं इहीर हाय. माह्या बापानं खंदलेली, काया पत्थरातली, चैतात बी हात घातला त दात वाजतेत. कांद्याची जायीची थैली असते ना लाल, तिच्यात बाटल्या भराच्या, दोर बांधाचा, अन् सोडाच्या खाली, पान्यात बुडतीन अशा. चार घंट्यात अशी थंड होते का कोनत्या फ्रीजचा बाप नाई करनार. अन् लाईट लागत नाई, बिल येत नाई! गिराइक आलं का येक हाक मारली, थैली वर ओढली, बाटली पुसली, आनून देली. तुह्या पुन्यात हाय का इहीर दुकानाच्या मांगं? मंग! याचे तीस रुपये. मेहनत हाय बापू. साठ फूट दोर हाय. भरेल थैली वर ओढाची म्हंजे मजाक नाई, हाताले घट्टे पडतेत, खांदा भरून येते, पावसायात त पाय घसरते.

काय पाह्यतं माह्या हाताकडं? ... माहे हात ठीक हायेत. मी कायले ओढू? मी दुकान सोडून इहिरीवर जाऊ का? गल्ल्यावर कोन बसन? थे ओढते ना. गोमती. बायको माही. घरचीच हाय, तिले काय येगळं हाय का? सकाळी ढोरायचं पानी काढाच लागते तिले, त्याच्यासंग थैली सोडाची, अन् दिवसभर म्या हाक मारली का ओढाची. चाललं होतं ना बावा सारं बराबर! अन् येक दिवस भाकरी टाकता टाकता म्हनते, का आयक, कुलिंगचे पैसे माह्या हातात देत जा. म्हनलं, काहून? म्हनते, थंड मी करतो, पैसे तू घेतं. बाटलीचे तुहे ठेव, थंडीचे माहे. आयकलं? थंडीचे माहे! म्हनलं, येडी झाली का तू, घरच्या बाईले कोनी मजुरी देते का? म्हनते, मंग कुलिंग कायले म्हनतं, गिराइकाले सांग का हे माह्या बायकोचे पैसे हायेत अन् मी खातो. माह्या हातात तवा पान्याचा गिलास होता. म्या फेकला. तिच्यावर नाई बापा, भिंतीवर फेकला! भिंत आपलीच हाय. पन फुटला नाई, स्टीलचा होता, अन् गडगडत गडगडत तिच्याच पायापाशी जाऊन उभा राह्यला. तिनं उचलला, धुतला, अन् त्या दिवसापासून माह्यासंग बोलनं बंद. बाटल्या सोडते इहिरीत, हाक मारली का काढते बी, पन तोंडातून चकार शब्द नाई.

अन् बोलली असती त बरं झालं असतं. बोलली नाई अन् गावात गेली! आता तुले हे मालूम नसन, शहरातला हाय तू. गावातल्या बायायनं मनावर घेतलं का दुकान बंद करता येते. मतदान होते बायायचं. चिठ्ठीवर दोन बाटल्या काढेल असतेत, येक उभी अन् येक आडवी. उभीवर शिक्का त दुकान चालू, आडवीवर शिक्का त कुलूप. अर्ध्याच्या वर बाया आडवीवर गेल्या का खल्लास, मंग मंत्र्याचा फोन आनला तरी उघडत नाई. तसं बायायचं डोकं पैलेपासूनच तापेल होतं. म्हनाले बरोबर बी हाय, जिचा नवरा सांजच्याले नालीत लोळते थे काय आरती ओवाळीन का माही? पन आजपर्यंत दुकान टिकलं कायच्यावर? गोमती बचत गटाची अध्यक्ष हाय. तिनं म्हनलं बस त बाया बसतेत, ऊठ त उठतेत. थे गप होती म्हनून गाव गप होतं. अन् आता रविवारी मतदान लागलं अन् थे रोज सांजच्याले भाकरी झाकून ठेवते, पदर खोचते अन् गावात जाते. कोनाच्या घरी जाते, काय बोलते, मले काई सांगत नाई. परवा म्या इचारलं, तू कुठी शिक्का मारशीन? तर माह्याकडं असं पायलं, असं पायलं, जसं मी गिराइक हावो अन् सुट्टे नाई माह्यापाशी.

माहं दुकान हाय बापू! वावर आठ महिने कोरडं असते, पोट्टी नर्सिंगले हाय वाशीमले, सारं या बाटलीवर उभं हाय. अन् हे आडवी करनार. घरचीच!

काय म्हनला? ... काय म्हनला तू? देऊन टाका? तीस रुपये देऊन टाका तिले? वा रे वा! दहा मिन्टं झाले तुले येऊन, अन् मले घर चालवाचं शिकवतं! आज थंडीचे देले, उद्या भाकरीचे मांगन! परवा ढोरायचे मांगन! अन् गावात काय तोंड दाखवू मी, का उकंडराव बायकोले कुलिंग देते? बादल त जीपवर लिहून फिरवीन. नाई. जमनार नाई. मर्द मानसाचं— हे पाय, तू बाटली घ्याले आला ना, बाटली घे. थांब, हाक मारतो. गोमते! ओ गोमते! येक पुन्यावाली काढ वं! चिठ्ठीवाली! ... आयकते थे, फक्त उत्तर देत नाई. गोमते!

...

आयकलं? बोलली. दोन महिन्यात पैल्यांदा बोलली. काय म्हनली थे? तुले नीट आयकू आलं असन, तू दारापाशी हाय. गिराइकाले इकडंच धाड? इहिरीवर? ... अन्? थंडीचे इथीच घेईन. असं म्हनली? असं जोरात, तुह्यासमोर? ... नाई जाचं तू. कोनी नाई जाचं. बस इथी. गरमच पे! गरम पेल्यानं कोनी मरत नाई, तिकडच्या देशात गरमच पेतेत म्हने.

... काय उभा हाय असा. ऊन लागून राह्यलं. तोंड पाय तुहं, वाळलं निरा. बरं, आन एकशेनव्वद. आन इकडं. छापेल किंमत, तितलीच, मोजून घे. अन् वरचे तीस... वरचे मले नोको दाखवू. म्या मांगतले नाई, तू देले नाई, म्या काई पायलं नाई. हे पाय, मी तिकडं तोंड करून बसतो, रोडाकडं. मांगचं दार उघडं हाय. संभाळून, उंबरा उच्चा हाय. अन् तिले सांगजो... नाई, काई नोको सांगू. म्हनजो उकंडराव काई म्हनला नाई. जाय.

...

आला? भेटली? दाव. हां, पाय कशी घामेजली बाटली, पाय पाय! आता मार घोट. कशी हाय? म्हनलं नव्हतं? फ्रीज झक मारते. ... किती? चाळीस? चाळीस घेतले तिनं तुह्यापासून? अबे तीस ठरेल हाय ना! तीस! साऱ्या फाट्याले मालूम हाय तीस! येकाच घरात, पुढच्या दारात तीस अन् मांगच्या दारात चाळीस? चाळीस काहून, इचारलं नाई तू? माह्यासंग त येवढा भांडत होता मोबाईल काढकाढू, अन् तिथी मुकाट्यानं देले? ... काय सांगतलं तिनं? दहा दोराचे? दोर जुना झाला, नवा घ्या लागते, अन् दुकानातला मानूस घेऊन देत नाई. दुकानातला मानूस! मी? मी दुकानातला मानूस झालो?

थांब, जाऊ नोको. येक सांग. रविवारचं काई बोलली का? ... खरं सांग, पोट्ट्या. ... उभी? उभी म्हनली? तिच्या तोंडानं म्हनली, का साऱ्या बाया उभीवर? अरे वा! अरे वा, म्हनलं नव्हतं मी तुले, घरची हाय म्हनून, काई झालं तरी घरचीच— ... काय? पुढं काय? पूर्ण सांग. उभीच ठेवीन, पन... पन भाव मी लावीन? पुन्यावालीचा बी अन् साधीचा बी?

...

हासतं काय? हासू नोको. गाडी काढ. अन् बाटली रिकामी झाली का माह्याकडं नोको आनू, रोडावर बी फेकू नोको — इहिरीवर नेऊन दे, रिकाम्याचा बी भाव तीच सांगन. जाय आता. उंबऱ्यातून बाजूले हो, दुसरं गिराइक आलं, त्याले मांगं जाऊ दे.